संगणक-रक्षणाची उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द आज बहुधा निवडणुकीच्या दिवसांत आपल्या कानीं पडतो. त्याचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. उमेद म्हणजे आशा; आणि एखादें काम शिकून पुढें त्यांत आपला जम बसेल, ही आशा धरून जो जाणत्या माणसाच्या हाताखालीं राबतो तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांतून कारकुनाची जागा मिळेल ह्या भरंवशावर बिनपगारी लेखणी चालविणारे तरुण उमेदवारच म्हणविले जात. लोहाराचा भाता ओढणारें पोर, छापखान्यांत खिळे जुळविणारा मुलगा, शिंप्याच्या दुकानांत काजें करणारा नवशिका, हे सारे उमेदवारच होत. पुस्तकांत ज्याचें वर्णन करतां येतें पण जें पुस्तकानें हातीं येत नाहीं, असें ज्ञान मिळविण्याची ही रीत फार जुनी आहे.

ह्या लेखांत आम्हांस विचार करावयाचा आहे तो एका अगदीं नव्या धंद्याच्या उमेदवारीचा. ह्या धंद्यास इंग्रजी वळणानें 'सायबर सिक्युरिटी' म्हणतात. आपण त्यास संगणक-रक्षण म्हणूं. बँकांचे हिशेब, रुग्णालयांचीं टिपणें, शेतकऱ्यांचे सातबारे, शाळांचे निकाल आणि घरोघरच्या मोबाइलमधील पैसा हें सर्व आज संगणकांच्या जाळ्यांत आहे. त्याचें चोरांपासून रक्षण करणें हें ज्यांचें नित्याचें काम, अशा माणसांची गरज सर्वत्र आहे. आमच्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस हें काम शिकतां येईल काय, कोणत्या वाटेनें शिकतां येईल, आणि त्या वाटेवर खांचखळगे कोठें आहेत, एवढें समजावून सांगावें हा आमचा हेतु.

रक्षण म्हणजे काय

प्रथम रक्षण म्हणजे काय हें पाहूं. आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्याची गोष्ट विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. १५९५ सालच्या अखेरीस मोगलांच्या फौजेनें ह्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हां आंतील सूत्रें चांदबिबीच्या हातीं होतीं. तट मजबूत होता व खंदक रुंद होता. म्हणून शत्रूनें तटाखालीं सुरुंग खणण्यास आरंभ केला. ही बातमी मोगलांच्या छावणींतीलच एका माणसाकडून किल्ल्यांत पोंचली. आंतल्या लोकांनीं खणून दोन सुरुंग शोधून काढले व निकामी केले. पुढच्याचा शोध चालला असतांच तो उडाला आणि तटास मोठें खिंडार पडलें. चांदबिबी स्वतः शस्त्र घेऊन खिंडारावर उभी राहिली, हल्ला परतविण्यांत आला, आणि रातोरात खिंडार बुजविलें गेलें.

संगणक-रक्षणाचें सारें शास्त्र ह्या एका प्रसंगांत बीजरूपानें आहे. तट आणि खंदक म्हणजे आधींची तयारी: बळकट पासवर्ड, दुहेरी ओळख, वेळच्या वेळीं केलेल्या दुरुस्त्या, आणि नको त्या वाटा बंद ठेवणारी फायरवॉल. सुरुंगाची बातमी मिळविणें व तो शोधणें म्हणजे पाळत. खिंडारावर उभें राहणें म्हणजे हल्ला झाल्यावरचा प्रतिकार. आणि रातोरात भिंत उभारणें म्हणजे पुनःस्थापना: जतन करून ठेवलेल्या प्रतींवरून बिघडलेलें काम पुन्हां सुरू करणें. ह्या चारांपैकीं पहिल्याच गोष्टीकडे सामान्य माणसाचें लक्ष जातें. एकदां भक्कम कुलूप लावलें कीं आपलें काम झालें, असें त्यास वाटतें. परंतु तट कितीही भक्कम असला तरी शत्रु तटावरूनच येईल असें कोणीं सांगावें? उरलेल्या तीन गोष्टी रोज, रात्रंदिवस, माणसांनीं करावयाच्या असतात. आणि येथेंच शिकलेल्या हातांची गरज लागते.

पुण्याचें उदाहरण

ही गरज किती खरी आहे हें समजण्यास फार दूर जावयास नको. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ सालीं स्थापन झालेली, आपल्या प्रांतांतील जुनी व मोठी संस्था. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत, ११ तारखेस शनिवारीं व १३ तारखेस सोमवारीं, तिच्यावर दरोडा पडला. चोरांनीं तिजोरी फोडली नाहीं. ते इमारतीजवळ देखील आले नाहींत. कोणी ए.टी.एम. मध्यें कार्ड घालतो तेव्हां त्या यंत्राकडून बँकेस विचारणा होते, आणि खात्यांत पैसे असल्यास बँकेचा संगणक 'द्या' असें उत्तर धाडतो. चोरांनीं बँकेच्या यंत्रणेंत शिरून ह्या प्रश्नोत्तराच्या वाटेवर आपली बनावट यंत्रणा बसविली. मग बनावट कार्डांवरून जी विचारणा येई तिला खऱ्या बँकेऐवजीं हा तोतयाच 'द्या' म्हणून उत्तर देऊं लागला. शनिवारीं कांहीं तासांच्या आंत २८ देशांतील यंत्रांमधून पैसे निघाले. आपल्या देशांतही निघाले. सोमवारीं आंतरराष्ट्रीय हुंडीच्या मार्गानें जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत वळते झाले. एकूण नुकसान सुमारें ९४ कोटी रुपयांचें झालें. पुढें तपास होऊन २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस दोषी ठरविलें.

ह्या घटनेंतून विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, ग्राहकांच्या खात्यांतील रकमांस हात लागला नव्हता. बँकेची स्वतःची वाट अडविली गेली होती. दोन, हल्ल्याचा दिवस निवडला गेला तो शनिवार, म्हणजे कचेरींत माणसें कमी असण्याचा. तीन, जें घडत होतें तें नेहमींपेक्षां अगदीं वेगळें होतें: एका शहरच्या बँकेचीं कार्डें एकाच वेळीं अनेक देशांत चालूं लागणें हें कोणत्याही सावध नजरेस खटकावें असेंच होतें. खटकणारी गोष्ट वेळेवर पाहणारा डोळा आणि ती पाहतांच वाट बंद करण्याचा अधिकार असलेला हात, हीं दोन्हीं जागेवर असणें म्हणजेच रक्षण. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रिझर्व्ह बँकेनें नागरी सहकारी बँकांसाठीं संगणक-रक्षणाचे किमान नियम घालून दिले, आणि २०१९ च्या डिसेंबरांत बँकांच्या व्यवहाराच्या विस्तारानुसार चार पायऱ्यांचे अधिक कडक नियम केले.

आमचा जिल्हा सहकाराचा जिल्हा. प्रवरेच्या कांठीं १९५० सालीं सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गाळप झालें, तेव्हांपासून गांवोगांव सोसायट्या, दूधसंघ व पतसंस्था निघाल्या. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगांव, राहुरी, शेवगांव, कोणताही तालुका घ्या, तेथील शेतकऱ्याची ऊंसाची, दुधाची, मुलीच्या लग्नाची पुंजी अशाच संस्थांतून ठेवलेली असते. त्या पुंजीच्या वह्या आतां संगणकावर आहेत. तेव्हां संगणक-रक्षण हें कोठल्या तरी दूरच्या शहरांतील चकचकीत इमारतींचें काम, असें समजणें चुकीचें होईल. तें आपल्याच वडिलांच्या ठेवीच्या पावतीचें रक्षण आहे.

हें काम वर्गांत कां येत नाहीं

आतां कोणी विचारील कीं, हें काम महाविद्यालयांत पुस्तकें वाचून कां शिकूं नये? अवश्य शिकावें. जाळें कसें चालतें, एका संगणकाचा निरोप दुसऱ्यास कसा पोंचतो, गुप्तलिपीचें गणित कसें असतें, हें सर्व पुस्तकांतून नीट शिकल्यावांचून पुढें पाऊल पडावयाचें नाहीं. परंतु एक गोष्ट पुस्तक शिकवूं शकत नाहीं. ती म्हणजे नेहमींचें कोणतें आणि वावगें कोणतें ह्याची पारख.

ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत बर्कले येथील लॉरेन्स प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टोल नांवाच्या खगोलशास्त्रज्ञास संगणकांची देखरेख करण्याचें काम मिळालें. संगणक वापरल्याचा जो हिशेब ठेवला जाई त्यांत ७५ सेंटांची तफावत निघाली. रक्कम क्षुल्लक होती. कोणीही ती सोडून दिली असती. स्टोल यानें ती सोडली नाहीं. तो नोंदी वाचीत गेला, रात्रीं जागला, जें दिसलें तें वहींत तारीखवार लिहीत गेला. आणि महिनोन्महिने माग काढल्यावर निष्पन्न झालें तें असें कीं, जर्मनींतील हॅनोव्हर येथून एक मनुष्य प्रयोगशाळेच्या मार्गें अमेरिकन लष्करी संगणकांत शिरत होता व मिळालेली माहिती सोव्हिएट हेरखात्यास विकली जात होती. हा शोध एखाद्या दिव्य यंत्रानें लागला नाहीं. हिशेब जुळेपर्यंत न उठणाऱ्या मुनिमाची जी वृत्ति, तीच तेथें कामास आली.

ही वृत्ति कशी अंगीं बाणते? जिच्या अंगीं ती आधींपासून आहे अशा व्यक्तीजवळ बसून. गवंडी ओळंबा धरून भिंत पाहतो, आणि कांहीं वर्षांनीं ओळंब्यावांचूनच त्यास कल दिसूं लागतो. तसेंच येथेंही आहे. म्हणून जगांतील पुष्कळ देशांनीं ह्या नव्या धंद्यासाठीं तीच जुनी रीत पुन्हां हातीं घेतली आहे. जर्मनींत कारखान्यांतील काम आणि शाळेंतील पाठ यांची सांगड घालून शिकविण्याची पद्धत पूर्वापार आहे. इंग्लंडांत संगणक-रक्षणासाठीं खास उमेदवारीचे अभ्यासक्रम ठरविले गेले आहेत. अमेरिकन सरकारनें २०२२ सालीं अशा उमेदवाऱ्या वाढविण्यासाठीं १२० दिवसांची मोहीम चालविली.

उमेदवारीचा कायदा

आमच्या शहरासही ही रीत नवी नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें अहमदनगरांत चालविलेल्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेंत मुलें हातानें काम करीत करीत धंदे शिकत. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं डी. सी. चर्चिल ह्या अमेरिकन अभियंत्यानें येथेंच हातमागाच्या सुधारणेचे प्रयोग केले. २०२४ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव अधिकृतपणें अहिल्यानगर झालें. पण हात आणि बुद्धि यांस एकत्र शिकविण्याची येथली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

कायद्याचा इतिहासही थोडा पाहावा. उमेदवारांविषयींचा पहिला कायदा आपल्या देशांत १८५० सालीं झाला. त्याचा रोख मुख्यतः अनाथ व गरीब मुलांकडे होता. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास धंदा शिकण्यासाठीं करारानें धन्याच्या हवालीं करतां येत असे. स्वातंत्र्यानंतर १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारी अधिनियम झाला व जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्यांत १९७३ सालीं पदवीधर व पदविकाधर यांचा समावेश झाला. आणि २०१४ च्या दुरुस्तीनें कारखान्यांच्या ठराविक धंद्यांबाहेरील नवे धंदेही उमेदवारीसाठीं मोकळे झाले. संगणक-रक्षणाच्या उमेदवारीस वाव मिळाला तो ह्या शेवटच्या दुरुस्तीमुळें.

ह्या कायद्याच्या पांच गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्यानें व पालकानें जाणाव्या. पहिली, उमेदवारी ही तोंडी नसते. तिचा लेखी करार होतो, तो सरकारदरबारीं नोंदला जातो, आणि उमेदवार अज्ञान असल्यास पालकाची सही लागते. दुसरी, उमेदवारास दरमहा विद्यावेतन मिळतें. २०१९ च्या नियमांप्रमाणें तें शिक्षणाच्या पायरीनुसार किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरविलें गेलें. पुढील फेरफार अर्ज करण्यापूर्वीं पाहून घ्यावा. तिसरी, त्याच नियमांनीं तीस किंवा अधिक माणसें असलेल्या संस्थेनें आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावे असें बंधन घातलें. चारांपासून एकोणतीस माणसें असलेल्या संस्थेस हें ऐच्छिक ठेवलें. चौथी, कायद्याच्या दृष्टीनें उमेदवार हा नोकर नसून शिकणारा आहे. परंतु कामावर इजा झाल्यास भरपाईचा हक्क त्यास आहे. पांचवी गोष्ट कटु आहे, तरी सांगितली पाहिजे: करारांत तसें लिहिलेलें नसेल तर मुदत संपल्यावर उमेदवारास नोकरी देण्यास धनी बांधलेला नाहीं. तेव्हां उमेदवारी ही नोकरीची हमी नव्हे. नोकरीस पात्र होण्याची ती संधि आहे.

उमेदवार काय करतो

अशा उमेदवाराचा दिवस कसा जातो? सिनेमांत दाखवितात तशी काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांची धांवपळ येथें नसते. प्रथम त्यास यादी करावयास सांगतात: संस्थेचे संगणक किती, ते कोणाच्या हातीं, त्यांवर कोणत्या कार्यप्रणाली, शेवटची दुरुस्ती केव्हां झाली. हें काम नीरस वाटतें. पण आपल्या वाड्यास दारें किती हेंच ज्यास ठाऊक नाहीं तो कड्या कोठें लावणार? नंतर तो जतन केलेल्या प्रती तपासण्यास शिकतो. येथें एक सोपा नियम आहे: महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी दुसऱ्या जागीं असावी. शिवाय प्रत घेतली एवढ्यानें भागत नाहीं; तिच्यावरून काम पुन्हां उभें राहतें कीं नाहीं हें अधूनमधून करून पाहावें लागतें.

मग नोंदी वाचणें येतें. प्रत्येक सर्व्हर आपल्याकडे कोण आलें, केव्हां आलें, काय मागितलें ह्याची नोंद ठेवतो. तिला लॉग म्हणतात. समजा, एका पतसंस्थेच्या लॉगमध्यें असें दिसलें कीं, रात्रीं दोन वाजतां एका कारकुनाच्या खात्यावर १९९ वेळां चुकीचा पासवर्ड दिला गेला आणि दोनशेव्या वेळीं बरोबर दिला गेला. अजाण मनुष्य म्हणेल, 'शेवटीं बरोबर दिला ना, मग झालें.' उमेदवार मात्र दचकेल. कारण १९९ अपयशांहून तें एक यशच भयंकर आहे. येथें त्यानें काय करावें? घाबरून यंत्र बंद करूं नये, कारण त्याच्या स्मरणांतला पुरावा त्यानें नाहींसा होतो. आपल्या वरिष्ठास तत्काळ कळवावें, त्याच्या आज्ञेनें तें यंत्र जाळ्यापासून अलग करावें, खातें गोठवावें, आणि काय दिसलें, किती वाजतां दिसलें, कोणी काय केलें, हें क्रमवार लिहावें. 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ पासून अशा घटनांची दखल घेण्याचें काम करीत आहे. तिनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशांप्रमाणें अशा घटनेची खबर, ती ध्यानांत आल्यापासून सहा तासांच्या आंत द्यावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. सर्व यंत्रांचीं घड्याळें बरोबर ठेवावीं असेंही त्याच आदेशांत आहे. घड्याळासारखी साधी गोष्ट! पण दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा मिनिटांचें अंतर असेल तर आधीं काय घडलें आणि मागाहून काय, हें कोण सांगणार?

ह्या सर्वांत इंग्रजी वाचनाची व स्पष्ट लिहिण्याची मोठी गरज असते. यंत्राचे इशारे आणि पुस्तकें बहुतेक इंग्रजींत असतात. तथापि गांवच्या पतसंस्थेंतील रोखपालास धोका समजावून सांगावयाचा तो मराठींतच. ज्यास दोन्हीं भाषांत चार सरळ वाक्यें लिहितां येत नाहींत, त्याचें यंत्रज्ञान अर्धेंच कामीं येतें. शाळेंतील निबंधाच्या तासास कंटाळणाऱ्या मित्रांनीं एवढें लक्षांत ठेवावें.

शील आणि मर्यादा

ह्या धंद्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. कुलुपें दुरुस्त करणाऱ्यास कुलूप उघडण्याची विद्या यावीच लागते. तशी रक्षकास चोराची विद्या यावी लागते. मग रक्षक आणि चोर यांत भेद काय? भेद परवानगीचा. ज्याचें घर त्यानें लेखी सांगितलें असेल तरच, आणि सांगितलें असेल तेवढ्याच दारांवर हात ठेवावयाचा. आपल्या देशाच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें दुसऱ्याच्या संगणकांत त्याच्या अनुमतीवांचून अप्रामाणिकपणें शिरणें हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं शिक्षा सांगितल्या आहेत. 'मीं नुसती गंमत म्हणून मित्राचा पासवर्ड काढला' ही सबब ऐकून कायदा हसत नाहीं. शाळेच्या, शेजाऱ्याच्या वा बँकेच्या यंत्रावर विद्या पाजळणारा मुलगा उमेदवारीचें दार आपल्या हातानें बंद करतो. सरावासाठीं स्वतःचें जुनें यंत्र पुरे.

दुसरी मर्यादा मौनाची. उमेदवारास लोकांच्या ठेवी, आजार, पत्रव्यवहार हें सर्व दिसण्याचा संभव असतो. वैद्याच्या तोंडून रुग्णाचें गुपित बाहेर पडूं नये, तसेंच त्याच्या तोंडून हें पडूं नये. हा नियम ज्यास जड वाटतो त्यानें हा धंदा धरूं नये हेंच बरें.

आमच्या विद्यार्थ्यांची वाट

आतां व्यवहाराचें पाहूं. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. संगणकांच्या देखभालीचा दोन वर्षांचाही असतो. तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका मिळते. पुढें पदवी आहेच. ह्यांपैकीं कोणत्याही पायरीवरून उमेदवारीस जातां येतें. केंद्र सरकारनें २०१६ सालीं उमेदवारीस उत्तेजन देण्याची राष्ट्रीय योजना काढली. तिच्या संकेतस्थळावर, तसेंच पदवीधर व पदविकाधर यांच्या निराळ्या योजनेच्या संकेतस्थळावर, नांव नोंदवून जागा पाहतां येतात. आमच्या शहरांतील वाहन संशोधन व विकास संस्था ही संरक्षण खात्याची संस्थाही निरनिराळ्या शाखांचे उमेदवार घेत आली आहे. तिच्या जाहिरातींकडे लक्ष असावें.

तथापि अडचण झांकून ठेवणें योग्य नव्हे. उमेदवारीस गुरु लागतो. आणि आमच्या तालुक्यांच्या लहान संस्थांतून संगणक-रक्षण जाणणारा पूर्ण वेळचा मनुष्य क्वचितच असतो. म्हणून मुलास पुण्यास किंवा मुंबईस जावें लागतें, आणि तेथील खोलीचें भाडें व खाणावळ यांपुढें विद्यावेतन अपुरें पडतें. मुलीच्या बाबतींत तर घरचीं माणसें आधींच कचरतात. आम्हांस वाटतें, ह्यावर उपाय आमच्या जिल्ह्याच्या स्वभावांतच आहे. एकट्या शेतकऱ्यास जो कारखाना उभारतां आला नसता तो अनेकांनीं मिळून उभारला. तसेंच पांच-दहा पतसंस्थांनीं मिळून एक जाणता रक्षक ठेवावा, आणि त्याच्या हाताखालीं तालुक्यांतील दोन-तीन मुलामुलींस उमेदवारी द्यावी. संस्थांची राखण होईल, मुलांस घरचें अन्न खाऊन विद्या मिळेल, आणि शिकलेला हात जिल्ह्यांतच राहील. संस्थांच्या संचालकांपैकीं कोणी हा लेख वाचीत असल्यास त्यांनीं ह्या सूचनेचा विचार करावा अशी आमची विनंती आहे.

पालकांस एक इशारा. 'तीस दिवसांत तज्ज्ञ व्हा, लाखाची नोकरी मिळवा' असें सांगून मोठी फी मागणाऱ्या जाहिराती जागोजागीं दिसतात. कायद्याच्या उमेदवारींत पैसा धन्याकडून उमेदवाराकडे जातो. जेथें तो उलट वाहतो तेथें थांबावें, नोंदलेला करार मागावा, शिकविणारा कोण व काम कोणतें हें विचारावें. आणि उत्तर मिळेपर्यंत शेत गहाण टाकूं नये. लोकांस चोरापासून सावध करण्याची विद्या शिकावयास निघालेल्या मुलाचें घर पहिल्याच पावलास लुबाडलें जावें, ह्याहून मोठें दुर्दैव कोणतें?

विद्यार्थिमित्रहो, उमेदवारीची वाट पाहत बसण्याचें मात्र कारण नाहीं. तिचे पहिले धडे आजच गिरवितां येतात. घरांतील सर्वांचे पासवर्ड निरनिराळे व लांब करून द्या. दुहेरी ओळख सुरू करा. आजोबांस सांगा कीं, फोनवर 'तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे' म्हणून दरडावणारा मनुष्य पोलीस नसून चोर आहे, कारण अशी अटक आपल्या कायद्यांतच नाहीं. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करतां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें, हें घरांतल्या भिंतीवर लिहून ठेवा. गणिताचा प्रत्येक ताळा करून पाहा, आणि तो चुकला तर कोठें चुकला हें सांपडल्यावांचून वही मिटूं नका. एवढें वर्षभर नेमानें करील त्यास पुढें कोणी गुरु 'तूं आजवर काय केलेंस?' म्हणून विचारील तेव्हां सांगण्यासारखें कांहीं असेल. आणि उमेदवारीच्या दारांत प्रमाणपत्राइतकेंच वजन त्या उत्तरास असतें.